बैठकीतली कयाक

शिंपीकाकांनी आयुष्यात प्रत्येक वस्तू माप घेऊनच आणली, तशी वल्ह्याची छोटी होडी, म्हणजे पहिली कयाकही त्यांनी मापानेच निवडली. एकट्याची स्वस्त होती; पण काकूंना एकदा तरी तळ्यावर सोबत न्यायचं, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. म्हणून खिसा आणि मन दोन्ही सांभाळून त्यांनी हवा भरायची, दोघांची, रुंद बुडाची घेतली. "नवशिक्यांना हीच बरी, सहसा उलटत नाही," दुकानदार म्हणाला होता.

"मी पाण्यात पाऊल टाकायची नाही," काकूंनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. "दुकान बंद व्हायच्या आत परत करून या."

"अगं, हवा तरी भरून बघू दे!"

काका पंप मारत गेले आणि कयाक बाळसं धरत गेली. तिचं नाक कपाटाला टेकलं, शेपूट स्वयंपाकघराच्या दारात रुतलं. काका कौतुकाने पुढच्या जागेवर बसले आणि बसले ते बसलेच. मापं त्यांनी माणसांची नेली होती. खोलीचं माप घ्यायचं राहिलं, आणि स्वतःचं घेताना पोट आत ओढलं होतं.

"अहो, मला बाहेर यायचंय!"

"मलाही!"

"मग हवा सोडा ना."

"बूच मागच्या सीटपाशी आहे गं. माझा हात पोचेना. तू जरा बसलीस तर..."

"वा! म्हणजे हा डाव होता तर."

"देवाशपथ नाही!"

काकूंनी उकळलेला चहा दोन कपांत गाळला. एक काकांच्या खांद्यावरून पुढे दिला, दुसरा घट्ट धरला, देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून मागे बसल्या. थोड्या वेळाने एक डोळा उघडला.

"हलत नाही की हो!"

"रुंद बुडाची आहे."

"आणि सीट कशी अंगासरशी बसलीय. माझं माप कधी घेतलंत?"

"तुझ्या जुन्या गाऊनवरून," काका कपात बघत म्हणाले. "दोन बोटं सैल धरून."

बूच अगदी हाताशी होतं. काकूंनी त्याला बोटही लावलं नाही. सावकाश चहा पीत राहिल्या.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पलीकडे दुकानदार होता. "काका, काकू नको म्हणाल्या तर परत आणीन म्हणाला होतात. आणताय ना? दुकान बंद करतोय."

काका उत्तर जुळवत होते, तोच मागून काकूंनी फोन काढून घेतला.

"परत कसली आणायची? पण दोघांच्या होडीत वल्हं एकच दिलंत हो तुम्ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी काय नुसती बसून राहू?"