लार्कफील्डचे सुटे भाग

एमरिसने कपाळावर हात मारला. बॅरी गावच्या शिक्षिकाबाईंचा कॉम्प्युटर दुरुस्त झाला होता खरा, पण कार्डिफच्या पाद्रीबुवांच्या यंत्रातली चिप काढून. आणि आता पाद्रीबुवा फोनवर होते.

"अहो, माझं यंत्र परत द्या, नाहीतर नाही म्हणून सांगा तरी!"

"भाग मागवलाय, बुवा. वाटेत आहे."

कसला मागवतोय, कपाळ! लार्कफील्ड कंपनीने नवं मॉडेल काढलं आणि जुन्याचे सुटे भाग भंगारात घातले. जाहिरातीत मात्र 'गिऱ्हाइकाला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही' असं ठणकावून छापलेलं. ते न सोडण्याचं काम एकट्या एमरिसचं. कोळशाची खाण बंद पडल्यावर पन्नाशी उलटलेल्या माणसाला मिळालेली ही नोकरी. ती गेली तर त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं. आणि मॅनेजर क्लॅगेट यांनी बजावलं होतं, "एक जरी तक्रार माझ्यापर्यंत आली, तरी तुझा दुरुस्ती विभाग बंद."

मग काय, याची टोपी त्याला. पाद्रीबुवांसाठी खाटकाचं यंत्र उघडलं, खाटकासाठी दंतवैद्याचं. दंतवैद्य क्लॅगेटकडे जायची धमकी देऊ लागला, तेव्हा एमरिसने घरचंच उघडलं. बायको ग्वेनेथ चॅपलमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचाच फोन. "एमरिस, काय करून ठेवलंस? चालूच होत नाहीये!"

नेमके क्लॅगेट पुढ्यात उभे. एमरिसच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "भाग मागवलाय, बाई. वाटेत आहे."

"बाई? मग तुझं जेवणही वाटेतच आहे हो!" तिने फोन आपटला.

शेवटी शनिवारी त्याने साठवलेले पैसे मोडून, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत, तिला नवं मॉडेल आणून दिलं. तेव्हा कॉम्प्युटरवरचं काम कॅसेटवर साठवत. ग्वेनेथने चालींची एक कॅसेट घालून पाहिली, दुसरी घालून पाहिली. "मेल्या, यात माझी जुनी एकही चालत नाही! बसवलेल्या सगळ्या चाली गेल्या की!" ती रडायलाच लागली. एमरिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी क्लॅगेट भलतेच खुशीत होते. "शाब्बास! त्या फोनवरच्या बाईला काय थंड डोक्याने वाटेला लावलंस! आजपासून नवं मॉडेलही तुझ्याकडे."

"नवं? ते तर अजून दुकानात आहे, साहेब."

"होतं. सकाळीच बंद केलं. त्याच्या पुढचं येतंय."

"आणि सुटे भाग?"

"भंगारात." क्लॅगेट दारातून मागे वळले. "पण परवा तू एक घेतलंस ना?"