सिस्टरमावशी आणि नऊशे मिली कूलंट

आमच्या मांडवीच्या गल्लीत एक मोटारसायकल आहे, तिच्या हँडलला तापाचा तक्ता लटकवलेला असतो. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी असतो ना, क्लिपच्या पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि दोरीने बांधलेलं पेन, अगदी तसाच. तारीख, सकाळचं तापमान, संध्याकाळचं तापमान, आत किती गेलं, बाहेर किती आलं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘चढावर धाप लागली’, ‘आज प्रकृती उत्तम’, ‘मागच्या डाव्या पायात हवा कमी’ अशा नोंदी. मोटारसायकलला मागचा डावा पाय कुठून आला, असं तुम्ही विचाराल. हिला आहे, कारण हिला तीन चाकं आहेत.

या गाडीच्या मालकीण म्हणजे आमच्या सिस्टरमावशी. खरं नाव इंदुमती, पण ते फक्त पेन्शनच्या कागदांना ठाऊक. पस्तीस वर्षं त्या गावातल्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होत्या. गल्लीतली निम्मी तरुण पोरं त्यांनीच जगात आणलेली, त्यामुळे त्या कोणालाही अहो-जाहो करत नाहीत. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय गेला. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं तर म्हणतात, “वेळ कुठे होता? लोकांच्या कळा थांबतील तर ना!”

नोकरीत असताना त्यांच्याकडे बाजूला चाकं लावलेली स्कूटर होती. निवृत्त झाल्या आणि त्यांनी सरळ एक दणकट मोटारसायकल घेतली, इंजिनाभोवती पाणी फिरवून थंड होणारी. दुकानदार म्हणाला, मावशी, या वयात एवढी मोठी कशाला? तर म्हणाल्या, “ही तापली की काट्यावर दाखवते. माणसं दाखवत नाहीत.” मग मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या इस्माईलभाईंनी तिला मागे दोन चाकं बसवली, पायाचा गिअर हाताचा केला आणि आरटीओच्या कागदांसाठी स्वतः खेटे घातले. इस्माईलभाईंच्या तिन्ही मुलांच्या वेळी मावशी हजर होत्या, त्यामुळे नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती.

गाडीला मावशी गाडी म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात. इंजिनात फिरतं ते हिरवं कूलंट म्हणजे सलाईन. मागच्या डब्यात पाने-पक्कड कमी आणि चिमटे, गॉज, मोजपात्र, मोठी सिरिंज हेच जास्त. आणि कुठेही गेल्या तरी प्रश्न एकच : “आत किती, बाहेर किती?” एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा उन्हाने भोवळ येऊन पडला. सगळे कांदा शोधायला धावले. मावशींनी कुबडी टेकत येऊन मामाला भर मांडवात विचारलं, “सकाळपासून आत किती गेलं, बाहेर किती आलं?” मामा शरमेनेच शुद्धीवर आला.

दुसरं वाक्य म्हणजे “गरम असताना टोपण उघडायचं नाही.” मांडवीहून वर गावात जाताना चढ लागतो. काटा वर सरकला की मावशी आहेत तिथे थांबतात, इंजिन बंद करतात आणि गाडीवर बसूनच पेपर वाचायला लागतात. एकदा अशाच ऐन वळणावर थांबल्या आणि मागे गाड्यांची रांग लागली. एक तरुण पोलीस शिट्टी वाजवत आला. मावशींनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

“पेशंट तापलाय. आता हलवत नाही मी त्याला.”

“अहो, किती वेळ पण?”

“अर्धा तास. तू पावसकरणीचा मधला ना रे? जन्माला यायला सोळा तास लावलेस मेल्या. तेव्हा मी शिट्टी वाजवली होती काय?”

पोलिसाने शिट्टी खिशात टाकली आणि गाड्या बाजूने काढून द्यायला लागला.

आता माझं सांगतो. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर माझी बायको वृंदा आठ दिवसांच्या तापात गेली. आम्हांला मूल नाही. सांत्वनाला येणारे पंधरा दिवस आले, मग त्यांची त्यांची कामं निघाली. दिवाळीची सुट्टी संपली तरी मी शाळेत गेलो नाही. दार लावून बसायचो, भूक लागली तर चहाबरोबर बिस्किटं खायचो. रंगांची पेटी उघडलीच नव्हती. हेडमास्तरांनी निरोप पाठवला की जानेवारीत हजर झाला नाहीत तर दुसरा माणूस बघावा लागेल. मी शांतपणे राजीनामा लिहिला आणि टेबलावर ठेवून दिला. सोमवारी नेऊन द्यायचा होता.

आदल्या रविवारी सकाळी साडेसातला दारात तो तीन चाकांचा हॉर्न वाजला.

“मास्तरा! हात धुवून ये! कोपरापर्यंत!”

मी खिडकीतून बघितलं. मावशी गाडीवर बसलेल्या, गळ्यात टॉवेल.

“पेशंटचं सलाईन बदलायचंय. मला वाकता येत नाही आणि इस्माईल जयगडला गेलाय. चल. आणि खाली घालायला एखादा रद्दी कागद आण.”

माझ्या अंगात नाही म्हणण्याइतकंही त्राण नव्हतं. टेबलावरचा हाताला लागला तो कागद घेतला आणि त्यांच्यामागून चालत त्यांच्या अंगणात गेलो.

तिथे आधी तासभर नुसते बसलो, कारण पेशंट माझ्या घरापर्यंत येऊन तापला होता. गार झाल्यावर मावशींनी मला पातळी तपासायला लावली. बाजूच्या पांढऱ्या टाकीवर दोन रेघा असतात, सलाईन त्यांच्यामध्ये हवं. ते बरोबर मध्ये होतं. मी तसं म्हणालो.

“पातळी बरोबर दिसली म्हणजे आतून बरा असतो असं नाय,” मावशी म्हणाल्या. “टोपण काढ. फडकं धरून.”

मी फडकं धरून रेडिएटरचं टोपण काढलं. मग खालचा बोल्ट सैल केला आणि हिरवं सलाईन इनॅमलच्या ट्रेमध्ये आलं. मावशींनी ते मोजपात्रात ओतायला लावलं आणि चष्मा वर करून वाचलं, “बाहेर नऊशे.” तक्त्यावर लिहिलं. एक थेंब फरशीवर पडला तर लगेच साबणाने धुवायला लावला, कारण हे गोड लागतं, मांजरं चाटतात आणि मरतात. मग डिस्टिल्ड वॉटरने आतून धुणं. विहिरीचं पाणी का नको, तर ते मचूळ, आत क्षार धरतात. मग बोल्टला नवा तांब्याचा वॉशर, आणि नरसाळ्यातून सावकाश, अगदी सावकाश, नवं सलाईन.

शेवटची पायरी म्हणजे बुडबुडा काढणं. आत हवा अडकून राहिली तर सलाईन फिरत नाही. त्यासाठी मावशींनी टोपण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं, स्वतः ॲक्सिलरेटर धरला आणि मला रबरी नळी दाबायला बसवलं.

“दाब... सोड. दाब... सोड. श्वास घे. अरे, तू घे, तो घेतोय! जोर लाव! आलं, आलं, आलं बघ!”

समोरच्या खिडक्या धडाधड उघडल्या. जोशीकाकू तर गरम पाण्याचं पातेलं घेऊनच बाहेर आल्या. गुळुक करून एक मोठा बुडबुडा वर आला आणि मावशींनी टॉवेलने माझा घाम पुसला.

“झालं हो. मोकळी झाली.”

उठताना त्यांचा हात ट्रेला लागला आणि उरलंसुरलं सगळं खालच्या कागदावर सांडलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो माझा राजीनामा होता. सहीच्या जागी हिरवागार डाग पसरला होता. “अगो बाई!” एवढंच मावशी म्हणाल्या आणि आत घावनं घालायला गेल्या. ड्यूटी संपल्यावर स्टाफने उपाशी जायचं नाही, असा त्यांच्या वॉर्डाचा नियम होता.

राजीनामा पुन्हा लिहायचा म्हणता म्हणता आठवडा गेला. त्यानंतरच्या रविवारी परत हॉर्न. “सलाईन बदलायचंय.” मी म्हटलं, मावशी, परवाच तर बदललं. म्हणाल्या, “अशक्त पेशंट आहे.” आणि मग दर दुसऱ्या रविवारी हे सुरू झालं. हळूहळू मी साडेसातच्या आधीच हात धुवून बसायला लागलो. जानेवारीत मावशींनी बजावलं की बिनकामाचा माणूस त्या हाताखाली ठेवत नाहीत, त्यांना दुसरा सहायक बघावा लागेल. हेडमास्तरांच्या निरोपाने मी हललो नव्हतो, या धमकीने घाबरलो आणि शाळेत हजर झालो. आता हसू येतं, पण तसंच झालं.

असं सव्वा वर्ष गेलं. यंदा मार्चमधल्या एका रविवारी मी मोजपात्र उन्हात धरलं होतं आणि एकदम थबकलो. बाहेर काढलेलं सलाईन आणि बाटलीतलं ‘नवं’ सलाईन, दोन्हींचा हिरवा रंग तंतोतंत एक होता. हिरव्याच्या छटा ओळखण्यावर माझं पोट चालतं. मग बाटली नीट बघितली. लेबल कोपऱ्यात फाटलेलं, गेल्या वर्षीचीच ती बाटली. मावशी काढलेलं सलाईन चार पदरी गॉजमधून गाळून बाटलीत भरत होत्या आणि पंधरा दिवसांनी तेच मला परत घालायला लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यात मासळी घ्यायला गेलो तेव्हा इस्माईलभाईंना विचारलं.

“कूलंट? दोन वर्षांनी एकदा बदललं तरी पुष्कळ,” ते म्हणाले. “आणि मावशींना माणूस कशाला हवा? स्टुलावर बसून एकट्या करतात की. मीच शिकवलंय त्यांना.”

मला वाटलं, मावशींना विसर पडायला लागलाय. बदललेलं आठवत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बदलतात. एकटी बाई, मागेपुढे कोणी नाही. डॉक्टरांकडे कसं न्यायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा मी पंधरा दिवस विचार केला. शेवटी ठरवलं की तक्त्यावरच्या तारखा त्यांना दाखवायच्या, म्हणजे त्यांच्याच अक्षरात त्यांना पटेल.

पुढच्या पाळीच्या रविवारी सगळं उरकल्यावर मावशी घावनं घालायला आत गेल्या. सलाईन ओतून झालं होतं, मोजपात्र हातात होतं. मी हँडलवरचा तक्ता काढला आणि जुनी पानं उलटली. चौथं पान वेगळं होतं. वर लिहिलं होतं, ‘पेशंट : मास्तर. तक्रार : बायको गेली.’

खाली मावशींचं ते टपोरं अक्षर.

‘पहिला रविवार. घावन अर्धं. पाणी एक भांडं. बोलणं : हो, नाही, बरं. राजीनाम्यावर सलाईन सांडलं. (मी सांडलं.)’

‘तिसरा रविवार. घावनं दोन. बोल्टला शिवी दिलीन. सुधारणा आहे.’

‘पाचवा. रडला. पाऊण तास. येऊ दिलं बाहेर.’

तो रविवार मला आठवत होता. नळी दाबता दाबता मला रडू फुटलं होतं आणि मी धुराने डोळे चुरचुरतात म्हणालो होतो. मावशींनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. पाऊण तास त्या रस्त्याकडे बघत ॲक्सिलरेटर पिळत राहिल्या होत्या. मला तेव्हा वाटलं होतं की बुडबुडा निघत नाहीये. गल्लीला माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी पेशंटला बोंबलायला लावलं होतं, हे आता कळलं.

‘अकरावा. वृंदाचं नाव आपणहून घेतलंन. तिच्या हातची तिखट घावनं आठवतात म्हणाला.’

‘सोळावा. हसला. दोनदा.’

‘एकविसावा. शाळेतल्या पोरांची चित्रं दाखवायला आणलीन. रंग नीट दिसतात. डिस्चार्ज द्यायला हरकत नाही.’

डिस्चार्जची ओळ खोडलेली होती. त्याखाली ‘डिस्चार्ज पुढच्या रविवारी’, तीही खोडलेली. मग पुन्हा तेच, पुन्हा खोडलेलं. अशा बऱ्याच ओळी खाली उतरत गेल्या होत्या. आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ‘पेशंट बरा आहे. सिस्टरला मोकळा रविवार सोसत नाही.’

मी तक्ता होता तसा लावून ठेवला. डोळे पुसले. आज मी वर्गात उभा राहून पोरांना समुद्राचे रंग शिकवतो, दोन वेळा जेवतो, वृंदाबद्दल न अडखळता बोलतो, ते या बाईमुळे. तिचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी तिने ते ऐकून घेतले नसते.

मावशी ताट घेऊन बाहेर आल्या. स्टुलावर बसल्या, चष्मा नाकावर घेतला, पेन उचललं.

“हं. बाहेर किती आलं?”

“नऊशे.”

“आत किती गेलं?”

मोजपात्र रिकामं होतं. नऊशेच्या नऊशे आत गेलं होतं.

“आठशे नव्वद,” मी म्हणालो.

मावशींनी मान वर केली. पस्तीस वर्षं त्यांनी मोजपात्रं वाचली आहेत. आधी त्यांनी माझ्या हातातलं रिकामं मोजपात्र बघितलं, मग हँडलवरचा तक्ता, मग मला.

“दहा कमी कसं?”

“आत कुठेतरी बुडबुडा राहिलाय, मावशी. पुढच्या रविवारी परत काढून बघायला लागेल. त्याच्या पुढच्याही.”

मावशी बराच वेळ चष्मा पदराला पुसत राहिल्या. मग तक्ता ओढून घेतला, रकान्यात टपोऱ्या अक्षरात ८९० लिहिलं आणि माझ्या ताटात अजून एक घावन टाकलं.