मौलानांचं शेवटचं बयान

"मशिदीत चल. आज मौलानांचं शेवटचं बयान हाय!" नाशिकला एसटीतून उतरताच कोंडाजीबाबांनी रिक्षावाल्याला सांगितलं.

घोटीच्या भजनी मंडळाचा पखवाज मढवून देणारे युसूफभाई पाय मोडून घरी पडले होते. ज्यांचं प्रवचन ऐकत ते लहानाचे मोठे झाले, ते मौलाना आज निवृत्त होणार होते. रात्रीचं कीर्तन सकाळी चालीसकट म्हणून दाखवणाऱ्या कोंडाजीबाबांनी शब्द दिला होता, "मी ऐकून येतो, जसंच्या तसं सांगतो."

रिक्षावाल्या दत्तूनं बाबांचं गंध पाहिलं, तुळशीची माळ पाहिली. "काळजी करू नका बाबा," म्हणत त्यानं भक्तिगीतांची कॅसेट लावली आणि त्यांना थेट रामकुंडावर उतरवलं.

"आरं, मशीद म्हणलं व्हतं!"

"होतं असं, बाबा. वय झालं की होतं," म्हणून तो निघूनही गेला.

घाटावर बाबांनी एका न्हाव्याला वाट विचारली.

"आधी बसा. कुणासाठी आलात?"

"दोस्तासाठी. त्याला आता यायला जमायचं नाय."

न्हाव्यानं हळहळून बाबांची टोपी पायरीवर ठेवली, डोक्यावर पाणी मारलं आणि वस्तरा चालवला.

"आरं, जिता हाय तो! घोटीत भाकर खातोय!"

तोवर अर्धं डोकं चकचकीत झालं होतं आणि टोपी घसरून गोदावरीला मिळाली होती.

"उरलेलं उरकू का?"

"ऱ्हाऊ दे! बयान चाललं तिकडं!"

वाटेत ज्याला विचारावं तो गंध बघून एखादं देऊळ दाखवी. शेवटी बाबांनी विचारणंच सोडलं. नमाज आटोपून येणाऱ्या माणसांच्या उलट दिशेनं ते चालत सुटले.

जुन्या दगडी कमानीखाली मौलाना चपला घालत होते. कीर्तनाच्या सवयीनं बाबा पाया पडायला वाकले. मौलानांनी वरच्या वर हात धरले.

"बयान झालं?"

"झालं की, बाबा."

बाबा मटकन पायरीवर बसले. "मंग युसूफला काय सांगू?"

सगळी हकिगत ऐकून मौलानाही शेजारी बसले. ते मूळचे निफाडकडचे, मराठी अस्सल. "ऐका मग. वाटसरूला आधी विचारावं, कुठं जायचंय. त्याचं पुरतं ऐकावं. आपल्याच मनानं त्याला कुठंही सोडू नये."

बाबांनी तिथंच टाळ्यांवर चाल बसवली. मौलानांनी मान डोलावली आणि ते अर्धं डोकं उन्हात चमकताना पाहून स्वतःची पांढरी टोपी बाबांना घातली, गंध झाकेपर्यंत. वर गळ्याभोवती बाबांनी उपरणं गुंडाळलं, तशी माळही झाकली गेली.

कोपऱ्यावर दत्तूचीच रिक्षा उभी होती. त्यानं टोपी पाहिली.

"स्टँडवर चल."

"शुक्रवारचे स्टँडवर कुठं, चाचा? इथली नमाज चुकली ना? काळजी करू नका, दुसरी मशीद दाखवतो," म्हणत त्यानं कव्वालीची कॅसेट लावली.

मागच्या सीटवर कोंडाजीबाबांनी मांडी ठोकली आणि कव्वालीच्या वर आवाज चढवून मौलानांचं बयान पहिल्यापासून सुरू केलं.