ठळक पाटीवरची मगर

एका जंगलात, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीपलीकडेच समजा, पाणवठ्यावर एक पाटी होती. बाळांनो, साधीसुधी पाटी नव्हे बरं. तिच्यात बारकी बारकी घरं पाडलेली आणि घराघरात एकेक काजवा बसवलेला. काही काजवे पेटायचे, काही विझलेले राहायचे, की उमटलं अक्षर. आपल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके असतात ना, तसंच. फक्त इथे घरं मोजकीच होती, म्हणून अक्षरं हडकुळी दिसायची. पण दिसायची.

मगर वरच्या घाटावर आहे की खालच्या, ते रोज संध्याकाळी पाटीवर यायचं. ते वाचूनच सगळे पाण्याला जायचे.

एकदा सिंहमहाराजांनी पाटी पाहिली आणि त्यांना वाईट वाटलं.

"माझा हुकूम, आणि असा उपाशी?"

कारभारी कोल्हेसाहेबांनी लगेच अक्षरं ठळक करायला लावली. जिथे एक काजवा पेटायचा, तिथे दोन. मग अक्षरं जरा मोठीही करू या, असं कुणीतरी सुचवलं. पण वरची अर्धी पाटी महाराजांच्या पदव्यांनाच लागायची. त्या कमी करा असं सांगणार कोण?

झालं. शिरोरेषा जाडजूड झाली, 'म'चं पोट भरलं, 'ग' जाऊन 'र'ला चिकटला. पाटीवर नुसता उजेडाचा पट्टा.

सगळ्यांनी वाहवा केली. अस्वल म्हणालं, आता कसं लांबूनसुद्धा दिसतं. काय दिसतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

इतक्यात चांदी हरिणी आली. बरोबर तहानेलं पाडस. पाटीकडे बघून बघून तिचे डोळे दुखले. तिने काठावरच्या टिटवीला विचारलं, "टिटवीबाई, काय लिहिलंय हो?"

"कुणाच्या घरात काय शिजतंय ते विचार, सांगते. हे अक्षर नाही बाई मला लागत."

चांदीने भीत भीत कोल्हेसाहेबांना विचारलं. त्यांनी तिला डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

पाडसाला कुठला धीर? ते सुटलं ते थेट खालच्या घाटावर.

आता काजव्यांचंही ऐका. दुप्पट पेटून ते बिचारे दमलेले. त्यातले काही नेमके तेव्हाच पेंगले आणि विझले. 'म'चं पोट मोकळं झालं, 'ग' आणि 'र' वेगळे झाले, पुढचं 'खाली'ही सुटं झालं. टिटवीने वाचलं मात्र, आणि किंचाळलीच, "चांदे, ओढ त्याला मागे. मगर खालीच आहे."

चांदीने पाडसाला ओढलं. मगरीच्या तोंडात नुसतं शेवाळ आलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. कामावर झोपल्याबद्दल त्या काजव्यांना काढून टाकलं आणि त्यांच्या जागी न पेंगणारे काजवे बसवले. पाटी आता पूर्वीपेक्षाही लखलखते.

टिटवी हल्ली रोज दोन्ही घाटांवर स्वतः डोकावून येते आणि मगर कुठे आहे ते घरोघर सांगते. जंगलात तिला भोचक म्हणतात.

तात्पर्य : महत्त्वाची सूचना नेहमी ठळकच असावी. ती कळायलाही हवी असेल, तर शेजारी एक भोचक बाई असावी.