आधी सलाड

लग्नात बिर्याणीचा थाळा समोर आला की त्याच्याभोवती बसलेली पाच माणसं बाह्या सरसावतात. आमचे शेजारी हनीफभाई पिशवी उघडतात. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सुरी निघते, दोन काकड्या, एक गाजर आणि लिंबू निघतं. मग थाळ्याच्या कडेला, यजमानाच्या डोळ्यांदेखत, ते काकडी कापायला बसतात. कागदासारख्या पातळ चकत्या, सगळ्या एका मापाच्या. तोवर उरलेल्या चौघांनी बिर्याणीत हात घातलेला असतो.

"आधी सलाड!" हनीफभाई ओरडतात.

कोणी ऐकत नाही. मग त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "दात हायेत ना? मग चावा की!"

महाडात या माणसाने किती जणांना सलाड खायला लावलं, असं कोणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. घराबाहेरच्या एकालाही नाही. मी त्यांचा सख्खा शेजारी, शाळामास्तर, रोज त्यांचं व्याख्यान ऐकणारा. मीसुद्धा त्यांनी दिलेली वाटी तोंडभर हसून घ्यायचो आणि घरात नेऊन त्यावर फोडणी घालायचो.

हनीफभाई चोवीस वर्षं मस्कतला एका मोठ्या हॉटेलात होते. गावात सगळ्यांना वाटायचं, शेफ आहेत. प्रत्यक्षात त्यांनी तिथे कधी गॅस पेटवला नाही. ते थंड विभागात होते. सकाळी सहापासून काकडी, टोमॅटो, मुळा, कोबी, पानं. "मास्तर, पाचशे माणसांचा सलाड एका हातानं कापलाय," असं म्हणून ते उजवा हात वर करत. अंगठ्याजवळ सुरीचा घट्टा होता. परत आले तेव्हा इतरांसारखी टीव्ही, अत्तरं, ब्लँकेटं आणली असतील असं आम्हाला वाटलं. यांनी सुऱ्या आणल्या आणि कोबी किसायचं एक यंत्र.

आल्या आल्या त्यांनी मोहीम काढली. गच्चीवर टबांतून सलाडची पानं लावली. जुलैच्या पावसाने आठ दिवसांत त्यांचं पिठलं केलं. मग मोठा डबा भरून वीर स्टेशनला जायला लागले. गाडी येईपर्यंत रिक्षावाले रिकामे असतात, त्यांना खायला घालायचं. रिक्षावाले भली माणसं, कोणाला नाही म्हणत नाहीत. त्यांनी वडापाव उघडून वड्यावर ते सलाड भरलं. एकजण म्हणाला, "चाचा, चांगला हाय. थोडी शेव टाकली तर भेळ व्हईल."

हनीफभाई त्या दिवशी उरलेला डबा घेऊन परत आले. ओट्यावर बसून मला म्हणाले, "मास्तर, या लोकांना शुगर झाल्यावर कळंल."

तो शब्द त्यांच्या तोंडून सहज निघाला नव्हता. शुगर त्यांच्या घरातच होती.

जैनबभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हनीफभाई मस्कतला असतानाच मधुमेह झाला. तेव्हापासून ते रोज दुपारी तीनला व्हिडिओ कॉल करायचे. बोलणं एकच. "सलाड खाल्लास काय?" भाभी फोनसमोर बशी धरायच्या. काकडी, टोमॅटो, कांदा, सगळं मांडलेलं. "हे काय, खाते ना." फोन बंद झाला की मागचं दार उघडायचं आणि बशी बकरीपुढे जायची. पुढे पुढे तर बकरी पावणेतीनलाच दाराशी येऊन उभी राहायला लागली.

माझ्या बायकोने एकदा भाभींना टोकलं. भाभी म्हणाल्या, "पाला खायला मी काय बकरी हाय गो?" आणि हसल्या. आम्हीही हसलो. मग स्वतःसाठी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, सुक्या बोंबलाचं कालवण काढलं, आम्हालाही वाढलं.

आम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. हनीफभाई सुट्टीवर यायचे तेव्हा बकरीच्या तकाकीचं कौतुक करायचे आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहायचो.

ते कायमचे परत आले त्या आठवड्यात भाभींनीच सांगून टाकलं. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता आवाज चढणार. हनीफभाईंनी मागच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "एक दिवस पण नाय खाल्लास?"

"एकटीनं काय खायाचा?" भाभी म्हणाल्या. "तुमी तिकडं लोकांना कापून घालताव. म्हटलं, येतील तवा त्यांच्या हातचा खाईन."

आणि खाल्लं त्यांनी. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रोज दुपारी हनीफभाई दारात पाट मांडून बसायचे, मुळ्याची फुलं कोरायचे, टोमॅटोचा गुलाब करायचे. भाभी औषध घेतल्यासारखा चेहरा करून एकेक चकती चावायच्या. पान शेवटपर्यंत रिकामं करायच्या. बकरी मागच्या दाराशी येऊन ओरडायची आणि दोघं हसायची. लग्नातली पिशवी, वीरचा डबा हे सगळं याच दिवसांतलं. घरात जमलं, आता गावालाही जमवू असं त्यांना वाटत होतं.

आठ महिने चाललं. मग भाभींचे पाय सुजले. मूत्रपिंडं कधीच गेलेली होती, आम्हाला कळायला उशीर झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो होतो. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने छापील कागद दिला आणि समजावून सांगितलं. "काका, यांना आता कच्चं काही द्यायचं नाही. भाज्यांतलं पोटॅशियम रक्तात साठतं, हृदयाला धोका असतो. टोमॅटो नाही, पालेभाजी नाही, कोथिंबीरसुद्धा नाही. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. मग शिजवायची."

"सलाड?" हनीफभाईंनी विचारलं.

"सलाड तर बिलकूल नाही."

"थोडा पण नाय?"

"नाही काका."

हनीफभाईंनी कागद उलटा करून बघितला. मागे काही लिहिलेलं असेल असं त्यांना वाटलं असावं. मागची बाजू कोरी होती.

परतताना रिक्षात भाभी मध्ये बसल्या होत्या. त्या दमल्या होत्या, पण बोलल्या. "बघा, आता कुठं चव लागायला लागली व्हती." हनीफभाई बाहेर बघत राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून पावसाचं काढलं.

त्या दिवसापासून त्यांच्या घरातून सुरीचा आवाज येतो, पण तो उकळायच्या भाजीचा. ते अजून तितकंच पातळ चिरतात. मग पातेलंभर पाण्यात टाकतात आणि ते हिरवं पाणी मोरीत ओततात. चोवीस वर्षं ज्याने भाजीचा करकरीतपणा सांभाळला, त्याच्या हाताने रोज तिचा लगदा होतो. आता लग्नाला ते पिशवी न घेता येतात. समोर येईल ते दोन घास खातात. लोकांना वाटतं, खूळ गेलं एकदाचं.

गेल्या गुरुवारी दुपारी ते आमच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, कच्चं काय हाय काय घरात?"

तिने काकडी, टोमॅटो, कांदा पुढे ठेवला. मी सुरी द्यायला गेलो तर त्यांनी हातानेच कांदा फोडला. ओट्याशी उभ्याने, घाईघाईने, मीठसुद्धा न लावता खायला लागले.

"बसा ना भाई," बायको म्हणाली.

"नको. बसलो तर जेवल्यासारखं व्हईल." एक घास गिळून ते म्हणाले, "घरात आनत नाय मी. तिच्या पुढ्यात कसा खायाचा? तिचं बिनमिठाचं उकडलेलं असतं, तेच मी पण खातो. पण आज लय आठवण झाली बघा."

खाऊन झाल्यावर त्यांनी मोरीवर तीनदा खळखळून चूळ भरली. तोंडापुढे तळहात धरून फुंकर मारली, हुंगलं, पुन्हा चूळ भरली. मग माझ्याजवळ आले आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं.

"मास्तर, वास येतो काय कांद्याचा?"

येत होता.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली, शर्टावर सांडलेलं टोमॅटोचं बी नखाने काढलं आणि भाभींबरोबर जेवायला घरी गेले.