सैनिकांस पत्रे मंडळाचा फिरता चषक

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेतल्या सर्व विद्यार्थी मंडळांना 'युद्धोपयोगी' होण्याचा आदेश आला. मुदत सात दिवसांची, सोबत नमुना 'क'. नमुना भरून दिला नाही तर मंडळ आपोआप बरखास्त होणार होतं.

मंडळं धडाधड उपयोगी झाली. बागकाम मंडळाने व्हॉलीबॉलचं मैदान खणून कांदे लावले. वादविवाद मंडळात विरुद्ध बाजू बंद झाली. सहाही वक्ते एकाच बाजूने बोलायचे आणि तरी वेळ पुरायचा नाही. नाट्य मंडळात शत्रूचं काम करायला कुणाचेच पालक परवानगी देईनात, तेव्हा नायक दोन अंक एका रिकाम्या खुर्चीशी लढला. प्रेक्षकांनी त्या खुर्चीला इतक्या शिव्या घातल्या की शिपायाने नंतर ती बाहेर नेऊन टाकली.

माझ्या गळ्यात पडलं 'सैनिकांस पत्रे' मंडळ. मी भाषेचा शिक्षक. एकवीस वर्षं निबंध तपासतोय. मुलं माझ्यामागे मला 'लाल शाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काडीचंही वाटत नाही.

त्याच सुमारास टपाल खात्याने जाहीर केलं की कामाचा ताण कमी करण्यासाठी यापुढे आघाडीवर फक्त मान्यताप्राप्त मंडळाचा शिक्का असलेली पत्रं जातील. घरगुती पत्रं बंद. आमच्या वस्तीचा शिक्का माझ्या खणात होता. दुसऱ्या दिवशी मंडळाची सदस्यसंख्या नऊवरून एकशे चाळीस झाली. मला वाटलं, चला, पोरांना एकदाची भाषेची गोडी लागली.

त्या लोंढ्यात धाकटी आली. नववीतली. तिचा भाऊ आमच्याच शाळेचा, बारावी होताच आघाडीवर गेलेला. तो शाळेत असताना हिला सगळे धाकटी म्हणायचे, तो गेल्यावरही तेच नाव राहिलं.

"सर, मला दादाला फक्त नवा पत्ता कळवायचाय," ती म्हणाली. "आमची इमारत रिकामी करायला लावली. आम्ही मावशीकडे राहतोय. त्याला माहीतच नाहीये."

"पत्ता आराखड्यात बसत नाही. आराखडा असा: अभिवादन, ऋतुवर्णन, कृतज्ञता, विजयाची खात्री, समारोप."

"मग ऋतुवर्णनात घालू?"

"ऋतुवर्णनात घर नंबर कसा येईल गं?"

आला. तिने लिहिलं, 'मावशीच्या तिसऱ्या गल्लीतील घर क्रमांक सतरावर सध्या वसंत ऋतू अवतरला आहे.' मी घर क्रमांक खोडला आणि वसंत ठेवला. तिने पुन्हा लिहून आणलं, त्यात सतरा पक्षी तिसऱ्या गल्लीत मावशीच्या दारी किलबिलत होते. एवढ्या चिवटपणापुढे मी हात टेकले आणि पत्र मंजूर केलं.

मंजूर झालेली पत्रं पाठवण्यापूर्वी तपासणी अधिकाऱ्यांना दाखवावी लागत. अधिकारी तीन महिन्यांतून एकदा येत. तोवर पत्रं चुरगळू नयेत म्हणून आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, ती सभागृहात फळ्यांवर डकवली. चारही कडांना गोंद लावला. प्रदर्शन फार सुरेख झालं होतं, बघणारे अजून आठवण काढतात.

अधिकारी आले, हात मागे बांधून फळ्यांवरून फिरले.

"पत्रं उत्तम आहेत. उत्तरं कुठायत?"

"उत्तरं?" मी विचारलं.

"नमुना 'ड'. उत्तरांचं प्रमाण किमान ऐंशी टक्के. त्याशिवाय पत्रांचा उपयोग झाला हे सिद्ध कसं होणार?"

"पण साहेब, पत्रं तर अजून इथेच भिंती..."

मोठ्या बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. "उत्तरं येतायत," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत सादर करतो."

साहेब गेल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. "सर, मुलांनी पत्रं लिहिली, तशी उत्तरंही लिहितील. भाषेचा सरावच आहे."

"सैनिकांच्या नावाने?"

"त्या बिचाऱ्यांना तेवढाच आराम. ते लढणार कधी आणि लिहिणार कधी?"

वर्गावर जाऊन मी मुलांना एकेक सैनिक वाटून दिला. धाकटीला तिचाच दादा दिला, कारण त्याचं अक्षर आणि बोलणं तिला माहीत होतं.

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "त्याला लिहायचं ते तो लिहील. मी का त्याच्या तोंडी घालू?"

"हे बघ, मोठ्या बाईंना ऐंशी नाही, शंभर टक्के उत्तरं हवीत. ती पुरी झाली की फळे उतरतील. फळे उतरले की पत्रांवर शिक्का. तुझ्या एकटीमुळे एकशे एकोणचाळीस जणांची पत्रं अडायची."

तिने एका बैठकीत लिहून दिलं. 'आई, काळजी करू नकोस. पाय आता बरा आहे. बूट मिळाले. तुमचा नवा पत्ताही मिळाला, सुट्टी मिळाली की सरळ मावशीकडेच येतो. धाकटीला म्हणावं माझी सायकल खुशाल घे, पण साखळीला तेल घाल.' आराखड्यातलं त्यात एक अक्षर नव्हतं. मी लाल पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. उत्तर जसंच्या तसं गठ्ठ्यात घातलं.

वरच्या कार्यालयाने घेतलेल्या स्पर्धेत ते उत्तर सर्व शाळांमधून पहिलं आलं. प्रमाणपत्रावर ठळक छापलं होतं: 'अस्सल सैनिकी उत्तर'. शाळेला फिरता चषक मिळाला, आणि चषकासोबत सवलत मिळाली, की या शाळेच्या मुलांना भरतीसाठी एक वर्ष उशिरा बोलावलं जाईल. समारंभात पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. धाकटीची आई इस्पितळाच्या धोबीखान्यातून तशीच ओल्या पदराने आली होती. तिने मंचाशी येऊन मला विचारलं, "सर, त्याच्या पायाला काय झालं होतं हो?" धाकटी तिला हाताला धरून घरी घेऊन गेली आणि तिने तिला खरं काय ते सांगितलं. फळे मात्र उतरले नाहीत म्हणता येणार नाही. उतरले आणि पत्रांसकट वरच्या कार्यालयात कायमच्या प्रदर्शनासाठी रवाना झाले.

बारा तारखेला शाळेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. धाकटीच्या दादाचं. खरोखरच्या दादाचं.

'सर, घरी पाठवलेली माझी तिन्ही पत्रं परत आली. घरचे कुठे आहेत? आहेत ना? आमची तुकडी वीस तारखेला पुढे सरकतेय, त्यानंतर आम्हाला पत्ता नसेल. त्याआधी मला दोन ओळी लिहा. कुणीही लिहा.'

मी जिना पळत चढलो. मोठ्या बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि कपाटात कुलूपबंद केलं.

"या सैनिकाचं अस्सल उत्तर आपण आधीच सादर केलंय. आता हा म्हणतोय की त्याला पत्रच मिळालं नाही. चषक जाईल सर. मान्यता जाईल, शिक्का जाईल. मग मुलांची पत्रं कशी जाणार?"

"ती आत्ताही कुठे जातायत?"

"पण जाऊ शकतात. फरक आहे."

नियमही त्यांच्याच बाजूने होता. सैनिकाकडून आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं तर ते पत्र अस्सल असल्याशिवाय शिक्का मारता येत नाही, आणि वाद असल्यास अस्सलपणा पालकसभा ठरवते. पालकसभेला सात दिवसांची नोटीस लागते. सभा एकोणीस तारखेला सकाळी ठरली. वेळेत होती, यात आम्ही समाधान मानलं.

सभेच्या नोटिशीवरून पत्राचं कळलं तशी धाकटीची आई त्या सात दिवसांत चार वेळा शाळेत आली. "सर, शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो हो?"

"क्षणभर."

"मग मारा ना. मी लिहून आणलंय. दोनच ओळी आहेत."

"ताई, सभा होऊ द्या," मी म्हणालो. चारही वेळा हेच म्हणालो.

सभागृह खचाखच भरलं होतं. मोठ्या बाईंनी पत्र वाचून दाखवलं, मग सवलतीचा आदेश वाचून दाखवला. दोन्ही एकाच सुरात वाचले, पक्षपात केला म्हणायला जागा ठेवली नाही. "ज्यांना हे पत्र अस्सल वाटतं त्यांनी हात वर करावा."

धाकटीच्या आईचा हात वर गेला. धाकटीचाही गेला, पण विद्यार्थ्यांना मत नाही म्हणून तो खाली घ्यायला लावला. मोजणी माझ्याकडे होती. मी दोनदा मोजलं. एक. आई हात तसाच वर धरून मागे वळली आणि रांगेतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून शब्द फुटला, "अहो, अक्षर बघा ना त्याचं. कुणीतरी बघा." कुणी उठलं नाही. ठराव नोंदला गेला: पत्र बनावट.

तुम्ही आता मला नावं ठेवाल. शिक्का तर तुमच्याच खणात होता ना, म्हणाल. होता. माझा मुलगा बारावीत आहे.

पण तुम्हालाही मी पाहिलं त्या सकाळी, तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. तिची नजर तुमच्यापर्यंत आली तेव्हा तुम्ही चष्मा पुसायला घेतला. तुमचा यंदा अकरावीत ना? छान. अभ्यास करू द्या त्याला.