राहिलेली पायरी सिद्ध समजण्याबाबत

दोन शास्त्रांमधलं आंतरराष्ट्रीय सहकार्य परस्परांवरील गाढ अविश्वासावर उभं असलं, तरच ते दीर्घकाळ टिकतं. माझी आई भूमिती करायची. तिचे एक सहकारी समुद्रापलीकडे भौतिकशास्त्रातला पुंजसिद्धांत करायचे. दर दोन वाक्यांनी ‘हे तर उघड आहे’ म्हणत, म्हणून घरात त्यांचं नाव उघडकाका.

कार्यपद्धती अशी: काकांनी उत्तर सांगायचं, ते खरं का आहे हे आईने शोधायचं. (पहिल्या कामाला एक दुपार लागते, दुसऱ्याला एक पिढी. मान मात्र समसमान.)

त्या बुधवारी रात्रीही संगणकाच्या पडद्यावर दोघांचं नेहमीचंच चाललं होतं.

“अहो बाई, निसर्ग हेच करतो!”

“करत असेल. का करतो ते सांगा.”

“एकच तर पायरी राहिलीय तुमची.”

“जिन्याची एकच पायरी नसली, तर तुम्ही काय उडत जाता?”

“आई, मान्य कर ना एकदाचं,” मी स्वयंपाकघरातून ओरडले. “जेवण गार होतंय.”

तिने संगणक मिटला, पोटभर जेवली, पायरीचं उद्या बघते म्हणाली. सकाळी ती उठलीच नाही.

यथावकाश पडद्यावर शोकसभा भरली. विषय एकच: आईचं शेवटचं, एक पायरी राहिलेलं विधान छापायचं कसं? भौतिकवाल्यांच्या मते, श्रद्धांजली म्हणून ‘प्रमेय’. गणितवाल्यांनी आधी स्तब्ध उभं राहून आदर व्यक्त केला आणि मग विरोध: सिद्धता अपुरी, तेव्हा ‘अटकळ’. तडजोड म्हणून उपसमिती नेमली गेली. मृत्यूमुळे राहिलेल्या पायऱ्या सिद्ध समजाव्यात, अशी उपसमितीने शिफारस केली. (या नियमाने गणितातले बरेच कठीण प्रश्न केवळ वयोमानाने सुटतील, हा लाभही नमूद झाला.)

एकमत होईना, तेव्हा वारस म्हणून निर्णय माझ्यावर आला.

“हो म्हण, बाळ,” उघडकाका चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले. “ते खरंच आहे. मला दिसतंय.”

“असेल, काका. तरी अटकळच छापा.”

“अगं, प्रमेयाला तिचं नाव लागेल! कायमचं!”

“न केलेल्या कामाला नाव लावलं, तर ती मला घरात राहू देणार नाही.”

काकांनी चष्मा चढवला आणि मान डोलावली. ठराव मंजूर झाला.

(सहृदय वाचकांनी एव्हाना मनातल्या मनात ‘प्रमेय’ला मत दिलेलं आहे, याची नोंद घेतली आहे. ते विधान नेमकं काय होतं, हे मात्र आपल्यापैकी एकानेही विचारलेलं नाही.)

एकेक चौकट विझत गेली. पडद्यावर मी एकटीच उरले.

“आई,” मी मोठ्याने म्हणाले, “मान्य करते एकदाचं. तुझंच बरोबर होतं.”